तुमची गाडी गेली की

आठ वाजले तरी मामा आले नाहीत, तेव्हा धाकट्या सुनेनं हात पुसले आणि फोन उचलला. दोन वर्षांत मामा कधी न सांगता गैरहजर राहिले नव्हते. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ते साडेसातला येऊन, आप्पांची आंघोळ उरकून, त्यांना खुर्चीत बसवून मगच गेले होते.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. वजनकाटे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं घालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. उरले ते पाच-सहा शब्द, त्यांतले दोन शिव्या. तेव्हापासून त्यांचं करायला ठेवलेले मामा रोज यायचे. मोठ्या इस्पितळात सव्वीस वर्षं वॉर्डबॉय म्हणून काम करून निवृत्त झालेले, रुंद खांद्यांचे, मोजकं बोलणारे. त्यांच्या जिवावर ती सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जाऊ शकत होती आणि तिचा नवरा दुकानात. आज तिनं रजा घेतली होती, कारण तीन आठवडे राहिलेले थोरले दीर आज परत चालले होते. दुपारी जवळची चार माणसं जेवायला यायची होती, साडेचारला विमानतळाची गाडी.

मामांचा आवाज फोनवर कोरडा होता.

"मला काल दुपारी कामावरून बंद केलं ना थोरल्यांनी. तुम्हाला माहीत नाही?"

ती नाही म्हणाली. मग त्यांनाच विचारा, असं म्हणून मामांनी फोन ठेवला.

थोरले, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे दादा, पुढच्या खोलीत बॅगेचं वजन करत होते. दुकानातून आणलेला आकड्याचा काटा त्यांनी खिडकीच्या गजाला अडकवला होता आणि बॅग हळूहळू सोडत सुईकडे बघत होते. अठरा वर्षं परदेशात ते कारखाने तपासायचं काम करत होते. यंत्राला जाळी आहे का, जिन्याला कठडा आहे का, कामगार काय आणि किती उचलतात, हे बघायचं आणि उणिवा लिहून काढायच्या. सुट्टीवर आले तरी ती नजर मिटत नसे. या तीन आठवड्यांत त्यांनी न्हाणीघरात दांड्या बसवून घेतल्या, गॅसची नळी बदलली, औषधांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. दांड्यांबद्दल तिनं त्यांचे मनापासून आभार मानले होते. त्यामुळे आज राग वर यायला तिला थोडा वेळ लागला.

"दादा, मामांना तुम्ही बंद केलंत?"

"हो. तुला आज सांगणारच होतो." त्यांनी बॅग खाली टेकवली. "काळजी करू नकोस. एका एजन्सीशी बोललोय. शिकलेला माणूस येईल, आजच साडेनऊला. वर्षभराच्या पैशांचं सगळं मी बघितलंय, तुम्हाला काही करायचं नाही."

"मला आधी का नाही विचारलंत?"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

ती तिथंच उभी राहिली. आतून आप्पांनी भिंतीवर डाव्या हाताची मूठ आपटली. रोज या वेळेला ते उठून बसलेले असत. ती आत जाऊन त्यांना सांगून आली की जरा थांबा, बघते मी. परत आली तेव्हा तिच्या आवाजात वेगळीच धार होती, आणि दादांना पहिल्यांदाच वाटलं की आपण हे निदान धाकट्याला तरी सांगायला हवं होतं.

पण आपण चुकलो असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांनी जे बघितलं होतं ते आठवलं तरी त्यांची कानशिलं तापत. आठवडाभर ते भिंतीपलीकडून ऐकत होते: "ए म्हाताऱ्या, नाटकं बास कर, ऊठ." ज्या माणसाशी अख्खा बाजार वाकून बोलायचा, त्याला हा उपटसुंभ अरे-तुरे करतो. आणि काल दुपारी, घरात कोणी नसताना, ते दाराशी गेले तर आप्पा जमिनीवर. पायजमा एका बाजूला घसरलेला, ओठाच्या कडेनं लाळ, डावा हात पलंगाचा पाय चाचपडतोय. आणि मामा स्टुलावर बसून चहा पितायत. "उठायचं तर ऊठ, नाहीतर तिथंच बस. मला घाई नाही." दादांनी धावत जाऊन आप्पांना उचललं. आप्पांनी त्यांचा हात झिडकारला. दादांना वाटलं, किती घाबरवून ठेवलंय यानं. अर्ध्या तासात त्यांनी मामांच्या हातात महिन्याचे पैसे ठेवले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

हे त्यांनी सुनेला सांगितलं, तेव्हा ती कपाळाला हात लावून खुर्चीत बसली.

"दादा, तो व्यायाम आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनीच सांगितलाय. पडल्यावर उठायचं कसं, तेच शिकायचं. रोज दुपारी मामा त्यांना हळू खाली बसवतात आणि हात लावत नाहीत. आप्पा स्वतः मागतात. गेल्या महिन्यात ते एकटे असताना पडले, तर आम्ही यायच्या आत उठून पलंगावर बसले होते. मामांनी हात दिला की शिव्या घालतात त्यांना."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही फक्त बघितलंत."

दादांनी दुसरीच बाजू पकडली. व्यायाम असेल, पण भाषा काय ती, आणि माणसाची काही प्रतिष्ठा असते की नाही. ती म्हणाली, प्रतिष्ठा आत ओल्या चादरीवर पडलीये, ती आधी बदलू या. आणि नवऱ्याला दुकानातून बोलवायला तिनं फोन लावला.

ताई आली ती दोन्ही हातांत डबे घेऊन. दोघा भावांच्या मधली ही बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, बालवाडी चालवायची, आणि दर रविवारी आप्पांपाशी दोन तास बसून जायची. काय झालं ते ऐकल्यावर तिनं डबे ओट्यावर ठेवले आणि सरळ दादांची बाजू घेतली. तिला तो माणूस कधी पटलाच नव्हता. तोंडाळ, फटकळ. दादानं केलं ते बरंच केलं, फक्त आधी सांगायला हवं होतं. वहिनीनं एवढं डोक्यात घेऊ नये, आज जायच्या दिवशी तरी. सुनेनं तिच्याकडे नुसतं बघितलं. रविवारचे दोन तास आणि आठवड्याचे बाकीचे तास यांतला फरक तिनं आजवर कधी बोलून दाखवला नव्हता. आजही बोलली नाही. पण बोलली असती तर बरं, असं ताईला त्या नजरेखाली वाटलं.

साडेनऊला एजन्सीचा माणूस आला. पांढरा गणवेश, हातमोज्यांचं खोकं, जाड नोंदवही. पस्तिशीचा, शांत, सभ्य. त्यानं आप्पांना नमस्कार केला, दादांना बरं वाटलं. मग त्यानं वही उघडली आणि रुग्णाचं वजन विचारलं.

काटेवाल्यांच्या घरात हे विचारायची गरज नव्हती. आप्पांना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकानातल्या मोठ्या काट्यावर खुर्चीसकट चढवत आणि खुर्ची वजा करत. सदुसष्ट, सून म्हणाली.

"मग मला एकट्याला उचलता येणार नाही," तो माणूस म्हणाला. "पंचावन्नच्या वर दोन माणसं लागतात, किंवा उचलायचं यंत्र. एजन्सीचा नियम आहे. घरातलं कोणी प्रत्येक वेळी बरोबर आलं तर मी करीन. औषधं, जेवण, रक्तदाब, त्यात काही अडचण नाही."

सून दादांकडे वळली. तिनं बोटांवर मोजलं. सकाळी पलंगावरून, संडासला, आंघोळीला, खुर्चीत, पुन्हा पलंगावर, संध्याकाळी परत तेच. "दिवसाला दहा वेळा. मी सात वाजता जाते. हे आठला जातात. ताईंची बालवाडी. दुसरं माणूस कोण, दादा? तुम्ही?"

हा नियम दादांना पाठ होता. एकट्या माणसाकडून वजन उचलून घेतलं म्हणून त्यांनी कितीतरी कारखान्यांना नोटिसा काढल्या होत्या. या माणसाला ते काय सांगणार होते, नियम मोड म्हणून?

आणि मग आप्पांनीच तो प्रश्न निकालात काढला. तो माणूस चादर काढायला पुढे झाला, तर आप्पांनी डाव्या हातानं त्याची वही उडवली. ती थेट दाराजवळ जाऊन पडली. "नको," आप्पा म्हणाले. तो शब्द त्यांना नीट येत असे.

धाकटा दुकानातून आला तेव्हा हे असं होतं. तो जात्याच मवाळ. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं तर हा आणखी खाली जायचा. त्याला घरात सगळे बाळ्या म्हणत, पंचेचाळिशीतही. त्यानं काही विचारलं नाही. बाह्या सरसावल्या, एजन्सीच्या माणसाला बाहेर थांबायला सांगितलं आणि डावीकडून आप्पांच्या पाठीखाली हात घातला. दादा उजवीकडून आले. ते अधीर झाले होते, काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि त्यांनी आप्पांचा उजवा हात मनगटाला धरला आणि ओढला.

आप्पा ओरडले. शब्द नव्हता त्यात. नुसता आवाज.

"हात सोड," धाकटा म्हणाला. "तो खांदा निखळलेला असतो त्यांचा. हातानं ओढायचं नसतं कधी. सोड म्हणतो ना."

दादांनी सोडला. धाकट्यानं आणि सुनेनं मिळून आप्पांना वळवलं, चादर काढली, पुसलं, कोरडं केलं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि ते छताकडे बघत होते. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. कोणी त्यांना काही करायला सांगेना.

बाहेर आल्यावर धाकट्यानं दार ओढून घेतलं.

"बुटकीनंच सांगितलं होतं मला," दादा म्हणाले. "दर रविवारी फोनवर. की तो माणूस आप्पांना त्रास देतो. मग मी काय करायला हवं होतं?"

सगळ्यांनी ताईकडे बघितलं. बुटकी हे तिचं लहानपणचं नाव, आणि या वेळी ते ऐकून ती लालबुंद झाली. तिला ते फोन आठवले. दादा विचारायचा, कसं चाललंय, आणि बरं चाललंय म्हटलं की दोन मिनिटांत फोन संपायचा. मामांची एखादी तक्रार सांगितली की तो खोदून खोदून विचारायचा, अर्धा तास बोलायचा. तिला तो अर्धा तास हवा असायचा. हे तिला आजच, इथं उभ्या उभ्या कळलं, आणि ते कळल्याचाच तिला जास्त राग आला.

"मी म्हणाले त्याची जीभ वाईट आहे. काढून टाक म्हणाले होते का?" ती म्हणाली. "माझ्या अंगावर ढकलू नकोस. तू घरात तीन आठवडे होतास. तुला डोळे होते."

"बरोबर. सगळे माझ्यावरच घसरा आता."

"घसरत नाही कोणी," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता आणि त्यानं हात खिशात घातले होते. "दादा, तू अठरा वर्षांत नऊ वेळा आलास. दर वेळी जायच्या आधी काहीतरी नीट करून गेलास, आणि तू गेल्यावर ते आम्ही निस्तरलं. आईच्या वेळी डॉक्टर बदललास आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसलास. नव्या डॉक्टरला तिचं काय दुखतंय ते कळायला महिना गेला. तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. तेव्हा आम्ही तुला एका शब्दानं बोललो नाही. लांबून आलाय, दोन दिवसांनी जाईल, कशाला, असं म्हणत गप्प बसलो. ते चुकलं आमचं. तेव्हाच बोललो असतो तर आज हे झालं नसतं."

दादा म्हणाले, हे तू आज काढतोयस, चार वर्षांनी, माझी गाडी यायला सहा तास असताना. धाकटा म्हणाला, तू कधी सहा तासांपेक्षा जास्त वेळ दिलास?

ताईनं जेवायला येणाऱ्यांना फोन करून सांगितलं, आप्पांना बरं नाही, येऊ नका. तिनं आणलेले डबे तसेच बंद राहिले. एजन्सीचा माणूस अर्ध्या दिवसाची सही मागून, ती मिळाल्यावर, पुन्हा नमस्कार करून निघून गेला.

सायकलवाल्याला मात्र निरोप पोचला नाही. तो दादांचा शाळेपासूनचा दोस्त. चौकात त्याचं सायकलींचं दुकान होतं. निरोप घ्यायला म्हणून तो अकरा वाजता हसत आत आला आणि घरातली तोंडं बघून दारातच थबकला. मामांना या घरात त्यानंच आणलं होतं. त्याच्या वडिलांचं शेवटचं वर्ष मामांनी काढलं होतं. काय झालं ते त्यानं सुनेकडून ऐकून घेतलं. दादांना तो इन्स्पेक्टर म्हणायचा, गेली अठरा वर्षं, गमतीनं. आज त्यानं ते म्हटलं तेव्हा त्यात गंमत नव्हती.

"इन्स्पेक्टर, चप्पल घाल. गाडीवर बस."

मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, समोर लांब व्हरांडा, दोरीवर वाळत टाकलेले कपडे बाजूला करत जावं लागत होतं. दार उघडंच होतं. मामा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापत बसले होते. त्यांनी वर बघितलं, बसा म्हणाले, आणि नखं कापणं थांबवलं नाही.

दादांनी गाडीवर मनात जुळवून आणलेलं बोलून टाकलं. गैरसमज झाला. व्यायामाचं मला माहीत नव्हतं. आप्पा दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. आजच चला.

"ते मला कालच कळलं होतं," मामा म्हणाले. "बापाला जमिनीवर बघून मुलगा भडकणारच. मीही भडकलो असतो. त्याचं काही नाही."

"मग?"

"पिशवीचं काय?"

सायकलवाल्यानं विचारलं, कसली पिशवी. दादा खाली बघत होते. मामांनी नेलकटर बाजूला ठेवलं.

"सांगा की त्यांना."

दादांनी सांगितलं. वाक्य छोटंच होतं. काल पैसे दिल्यावर, दारात, त्यांनी मामांना म्हटलं होतं की जाण्याआधी पिशवी उघडून दाखवा. त्यांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते ज्या कारखान्यांत जात तिथं सुट्टी झाली की प्रत्येकाची पिशवी बघत. पिशवीत जेवणाचा रिकामा डबा होता आणि एक जुना शर्ट.

सायकलवाला उठला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

"सव्वीस वर्षं वॉर्डात काढली," मामा म्हणाले. "मेलेल्या माणसांच्या बोटांतल्या अंगठ्या काढून त्यांच्या लोकांच्या हातात दिल्यात. बायकांच्या बांगड्या. माझी पिशवी कोणी उघडायला लावली नाही. तुम्ही लावलीत, आणि मी उघडली. तुमचा राग येतोच. पण मी ती का उघडली, हे मला अजून कळलेलं नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. त्याचा जास्त राग येतोय."

"माझं चुकलं," दादा म्हणाले. "माफ करा."

"इथं नको. इथं काय, तुम्ही आणि मी. घरी सांगा. धाकट्या बाईंना, बाळासाहेबांना, ताईंना. आप्पांनासुद्धा. त्यांना ऐकू चांगलं येतं. त्या घराची किल्ली दोन वर्षं माझ्या खिशात होती. काल तुम्ही मागायच्या आधी मी दिली, तेवढं तरी केलं."

दादा म्हणाले, सांगतो. आणि त्यांनी ठरवून टाकलं की तिकीट बदलायचं. आठ दिवस पुढं ढकलतो, म्हणाले, सगळं नीट बसेपर्यंत मी थांबतो इथं. ते बोलताना त्यांना बरं वाटत होतं. आपण काहीतरी सोडतोय, याची जाणीव आवाजात उतरली होती.

मामांनी वर्तमानपत्राची घडी केली, नखं आत ठेवून.

"थांबा की. बापाचं घर आहे तुमचं. मग मी आठ दिवसांनी येतो."

"म्हणजे?"

"तुमची गाडी गेली की येईन. तुमच्या डोळ्यांसमोर मी त्या माणसाला हात लावणार नाही. लावला तर प्रत्येक वेळी माझं लक्ष तुमच्याकडे जाईल. त्यात तो पडेल."

परत येताना दादांना मामांचा राग आला होता, खरा, जळजळीत. एवढा कसला तोरा. आणि सायकलवाल्याचा, कारण तो पाठमोरा होता आणि त्याची पाठ काहीच बोलत नव्हती. अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी थांबतो म्हटलं होतं, आणि ते कोणालाच नको होतं. सिग्नलला सायकलवाला अर्धवट मान वळवून म्हणाला, "माझ्या बापालाही ते म्हाताऱ्याच म्हणायचे. शेवटचे दोन महिने तो फक्त त्या हाकेला ओ द्यायचा." एवढंच. आपल्या दुकानाशी दादांना उतरवून तो आत गेला, आणि घरापर्यंत आला नाही.

दुपारी अडीच वाजता आप्पांच्या खोलीत दादांनी सगळ्यांना बोलावलं आणि पिशवीचं सांगितलं. त्यांनी ते उभ्यानं सांगितलं, अहवाल वाचून दाखवावा तसं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं. ताई खिडकीकडे वळली. धाकट्यानं संपूर्ण ऐकलं, मान हलवली आणि बाहेर जाऊन बॅगेला कुलूप लावायला लागला. सून तशीच उभी राहिली. गेल्या वर्षी कपाटातली तिची साखळी सापडत नव्हती, तेव्हा तीन दिवस तिनं शोधली होती आणि त्या तीन दिवसांत मामांचा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवला नव्हता. साखळी नंतर गादीखाली मिळाली. हे ती आता बोलणार होती, पण बोलून दादांना काय कळणार, असं वाटून तिनं सोडून दिलं.

दादा पलंगाशी वाकले. "आप्पा, मी मामांची माफी मागितलीय. ते येतील."

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जा."

दादा सरळ झाले. त्यांना कळेना, हा राग आहे की निरोप. सुनेला कळलं. आप्पा रोज सकाळी सातला, ती पर्स अडकवून दाराशी आली की, हाच शब्द म्हणायचे, आणि त्यात इतकं काही असायचं की ती कधीकधी जिन्यात थांबून डोळे पुसायची. हा तो शब्द नव्हता.

दादांनी तिकीट बदललं नाही. साडेचारला गाडी आली. धाकट्यानं बॅग खाली नेली, डिकीत ठेवली, दुसरी तिच्यावर नीट बसवली. दर वेळी तो विमानतळापर्यंत बरोबर जायचा, पुढच्या सीटवर बसायचा. आज त्यानं डिकी बंद केली आणि मागे सरला. आप्पांजवळ कोणीतरी हवं, म्हणाला. ताईनं दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पोचल्यावर कळव, म्हणाली, पण रविवारी फोन करते असं नेहमीसारखं म्हणाली नाही.

दादांनी सुनेला विचारलं, काही लागलं तर सांगशील ना.

"सांगू," ती म्हणाली. आणि एजन्सीला नको म्हणून तुम्हीच कळवा, तेवढं तुमचं तुम्ही निस्तरा, असंही म्हणाली. दादा हो म्हणाले. गाडी वळली. कोणी हात हलवला नाही, म्हणजे दादांनी हलवला, पण ते काचेमागून नीट दिसलं नाही.

मामा पाच वाजून दहा मिनिटांनी आले. चप्पल बाहेर काढली, हात धुतले, काही न बोलता आत गेले. सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. मग आप्पांचा आवाज आला, घोगरा, अडखळत, पण मोठा.

"हरामखोरा." आणि थोड्या वेळानं, दम घेऊन, "उशीर."

"झाला खरा," मामा म्हणाले. "तुझ्या पोरानं केला. आता ऊठ म्हाताऱ्या, सबंध दिवस लोळलायस."

धाकटा दाराशी उभा होता. तो हसायला लागला आणि मग त्याला ते हसू आवरेना. डोळे पुसत तो दुकानाकडे निघून गेला. ताईनं बंद डबे उघडले, एक ताट वाढलं आणि मामांसाठी झाकून ठेवलं. ती त्यांच्याशी काही बोलली नाही. ते तिला अजून जमणार नव्हतं.

सहाच्या सुमाराला फोन वाजला. विमानतळावरची गर्दी मागे ऐकू येत होती. मामा आले का, दादांनी विचारलं. आले, ती म्हणाली.

"आप्पा त्यांच्याशी काही बोलले?"

आतून पलंग करकरला. मामा आकडे मोजत होते, आप्पा जोरजोरात श्वास घेत होते, आणि मध्येच दोघंही कशावरून तरी एकमेकांवर खेकसले. तिनं फोनवर हात ठेवला, मग काढला.

"नाही," ती म्हणाली. "झोपलेत."

बरं, बरं, दादा म्हणाले. त्यांना आणखी काही विचारायचं होतं, पण तिनं गॅसवर काहीतरी आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं. खोटं बोलल्याचं तिला जराही वाईट वाटलं नाही. दादांना जे कळणार नाही ते नीट करायला दादा येणार नाहीत, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती मामांना चहा द्यायला आत गेली.